एक नंबरची कुस्ती शेवटी. पण एक नंबरचा पिचर?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आंतरमहाविद्यालयीन बेसबॉल स्पर्धेचा वृत्तान्त आपण क्रीडा पानावर छापलात, त्याबद्दल आधी आभार. कुस्ती, कबड्डी आणि खो-खोच्या या मुलखात बेसबॉलला चार ओळी मिळतात हेही थोडं नाही. पण त्या चारांतल्या शेवटच्या ओळीबद्दल बोलायला हवं. हरलेल्या संघाने आपला सगळ्यांत वेगवान पिचर (चेंडू टाकणारा) पहिल्याच इनिंगला उतरवला, तो शेवटासाठी राखला असता तर निकाल फिरला असता, असा शेरा वार्ताहराने मारला आहे. मैदानाच्या कडेला बसलेल्या पालकांचा, माजी खेळाडूंचा आणि खरं सांगायचं तर बऱ्याच क्रीडा संचालकांचाही सूर हाच असतो. म्हणून पत्र जरा लांबलं आहे. कात्री लावायचीच झाली तर मधून लावा, शेवटची विनंती तेवढी ठेवा.

हा सूर कुठून येतो ते कळतं. आपल्याकडे जत्रेच्या मैदानात रेवड्यांवरच्या कुस्त्या दुपारी होतात आणि एक नंबरची जोड दिवस मावळताना लागते. क्रिकेटमध्येही हुकमी यॉर्करवाल्याची दोन षटकं शेवटी राखून ठेवतात. मात्र मैदानात आधीच्या पन्नास कुस्त्या कोणी मारल्या याचा शेवटच्या जोडीवर काडीचाही परिणाम होत नाही. बेसबॉलमध्ये पहिल्या इनिंगला पडलेल्या चार धावा शेवटपर्यंत फळ्यावर तशाच राहतात. क्रिकेटचा बोलर दोन षटकं टाकून सीमारेषेवर जातो आणि पंधराव्या षटकात परत येतो. बेसबॉलचा पिचर एकदा सामन्यातून काढला की संपला. उदाहरणच हवं तर खो-खोचं घ्या. तिथे दमदार पळणारा सहसा पहिल्या तुकडीत असतो, कारण पहिली तुकडी झटपट बाद झाली तर पुढचे सगळे उसन्या वेळेवर पळतात.

ज्यांना हा खेळ नवा आहे त्यांच्यासाठी एवढंच: सामना सुरू करतो तो स्टार्टर, आघाडी असताना शेवटची इनिंग टाकून सामना बंद करतो तो क्लोजर, आणि मधले सगळे रिलिव्हर. एका इनिंगमध्ये संघाचे तीन बॅटर बाद झाले की त्याची पाळी संपते. पूर्ण सामना ९ इनिंगचा. महाविद्यालयीन स्पर्धेत वेळेअभावी इनिंग कमी केल्या जातात, त्यामुळे किती इनिंगचा सामना आहे हे नियमपत्रकात आधी बघावं. पुढचं सगळं गणित त्यावर फिरतं.

आता हिशोब. चांगला स्टार्टर सहा इनिंग टाकतो, म्हणजे १८ बाद. क्लोजर एक इनिंग, ३ बाद. शेवटची इनिंग ताणाची असते, मान्य. तिथली एक धाव सामना फिरवते, म्हणून तिला दुप्पट वजन देऊ. तरी क्लोजरच्या पारड्यात दोन इनिंगचं वजन पडतं, स्टार्टरच्या पारड्यात सहाचं. दोघांपैकी कोणतंही काम सारख्याच ताकदीने करू शकेल असा पिचर हाताशी असेल तर त्याला सुरुवातीला उतरवा, यात वादाला जागा नाही. वाद सुरू होतो तो ‘सारख्याच ताकदीने’ या दोन शब्दांपाशी. बहुतेक मुलं दोन्ही कामं सारखी करत नाहीत, आणि कोण काय करू शकतो हे वेगावरून कळत नाही.

पहिली गोष्ट बघायची ती पिचरच्या भात्यात किती बाण आहेत ही. समोरच्या संघाचे नऊ बॅटर. इनिंगला सरासरी चार-साडेचार बॅटर येतात असं धरलं तर १८ बॅटर चौथ्या-पाचव्या इनिंगला संपतात आणि पहिला बॅटर त्याच पिचरसमोर तिसऱ्यांदा उभा राहतो. तोवर त्याला चेंडू हातातून कुठून सुटतो ते पाठ झालेलं असतं. ज्याच्याकडे फक्त फास्टबॉल आणि एक कर्व्ह (वळून खाली जाणारा चेंडू) आहे त्याचं दुकान इथे बंद होतं. फास्टबॉल, वळणारा एक चेंडू आणि चेंजअप, असे तीन प्रकार ज्याला स्ट्राइकमध्ये (बॅटरला मारता येईल अशा ठरलेल्या पट्ट्यात) टाकता येतात तो स्टार्टर. यातला चेंजअप सर्वांत महत्त्वाचा आणि आपल्याकडे सर्वांत दुर्लक्षित. हाताचा वेग तोच, पकड खोल तळहातात, चेंडू फास्टबॉलपेक्षा ताशी १२ ते १५ किलोमीटर हळू. उजव्या हाताच्या पिचरला डावखुऱ्या बॅटरवर हाच उपाय असतो. स्लायडर (बाजूला वळणारा वेगवान चेंडू) त्या बॅटरच्या अंगाकडे वळत जातो आणि त्याला नीट दिसतो. डावखुरे बॅटर टाळून कोणालाच सहा इनिंग टाकता येत नाहीत. एक इनिंग मात्र नशीब असेल तर निभते.

दुसरी गोष्ट, पिचची, म्हणजे टाकलेल्या चेंडूंची, काटकसर. इनिंगला १५ पिच हा चांगला आकडा, १८ पर्यंत चालतं. २२-२५ लागत असतील तर तो मुलगा कितीही फटाके फोडू दे, चौथ्या इनिंगला ९० वर पोहोचतो. शंभरातले ६० ते ६५ पिच स्ट्राइक हवेत आणि दहापैकी सहा बॅटरना पहिलाच पिच स्ट्राइक हवा. याच्या खाली असलेला वेगवान पोरगा क्लोजर करावा असं अनेकांना वाटतं. तेही चूक. शेवटच्या इनिंगला एका धावेची आघाडी असताना दोन वॉक देणारा, म्हणजे चार-चार बॉल टाकून बॅटरना फुकट पहिल्या बेसवर जाऊ देणारा माणूस हा क्लोजर नव्हे, तो समोरच्या संघाचा दहावा बॅटर. ज्याला स्ट्राइक टाकता येत नाहीत त्याला सुरुवातही देऊ नये आणि शेवटही. सामना सात-आठ धावांनी एका बाजूला झुकला असेल तेव्हा मधली एखादी इनिंग द्यावी, बाकी सराव.

तिसरी गोष्ट, वेग टिकतो किती. याला रडार गन लागत नाही. मोबाइलच्या स्लो मोशनमध्ये सेकंदाला २४० चित्रं टिपली जातात. मोबाइल बाजूला तिपाईवर लावा, चेंडू हातातून सुटल्यापासून कॅचरच्या (बॅटरमागे चेंडू झेलणाऱ्याच्या) मिटमध्ये, म्हणजे हातमोज्यात, पडेपर्यंत किती चित्रं होतात ती मोजा. ताशी किलोमीटर काढण्याच्या फंदात पडू नका, तुलना पुरे. पहिल्या इनिंगला १३२ चित्रं आणि चाळिसाव्या पिचनंतर १४० होत असतील, तर वेग सुमारे ६ टक्क्यांनी उतरला. फक्त कॅचर आणि मोबाइल जागचे हलता कामा नयेत, नाहीतर आकडे फसवतात. साठाव्या पिचलाही फरक तीन-चार चित्रांचाच राहिला तर स्टार्टरचा हात आहे. तिसाव्या-पस्तिसाव्या पिचनंतर घसरगुंडी सुरू झाली तर क्लोजरचा. याला कमीपणा समजायचं कारण नाही. एकच इनिंग टाकायची आहे हे माहीत असलं की तोच मुलगा ताशी दीड-दोन किलोमीटर जास्त वेगाने टाकतो, कारण राखून ठेवायला काही लागत नाही.

चौथी गोष्ट कोणी मोजतच नाही: हात तापायला किती वेळ लागतो. स्टार्टरला अर्धा-पाऊण तास मिळतो. धावणं, रबर बँडचे व्यायाम, लांब फेकी, मग बुलपेनमध्ये (पिचरने हात तापवायच्या बाजूच्या जागेत) २५ ते ४० पिच. क्लोजरला समोरच्या बॅटरने डबल (दुसऱ्या बेसपर्यंत नेणारा फटका) मारल्या मारल्या उठावं लागतं आणि १२-१५ पिचमध्ये तयार व्हावं लागतं. माउंडवर (पिचर उभा राहतो त्या उंचवट्यावर) आल्यावर साधारण आठ पिच तेवढे मिळतात. साताऱ्यात डिसेंबर-जानेवारीच्या सकाळी नऊच्या सामन्यात बोटं काकडलेली असतात, तेव्हा हा फरक डोळ्यांत भरतो. काही हात मुळातच सावकाश तापतात. अशा मुलाची पहिली इनिंग नेहमी खराब जाते, दुसरीपासून तो सुरळीत होतो. गुणपत्रिकेत इनिंगवार धावा काढून बघा. ज्याच्या धावा पहिल्या इनिंगला साठतात तो क्लोजर होऊच शकत नाही, कारण क्लोजरला दुसरी इनिंग नसते.

पाचवी, बेसवर, म्हणजे धावेच्या वाटेवरच्या टप्प्यावर, समोरच्या संघाचा माणूस असताना काय होतं. पूर्ण विंडअप (टाकण्याआधीची लांब हालचाल) घेऊन सुंदर टाकणारा मुलगा सेट पोझिशनमध्ये (थांबून आखूड हालचालीने टाकण्याच्या पवित्र्यात) गेला की अर्धा होतो. पाय उचलल्यापासून मिटमध्ये चेंडू पडेपर्यंत १.३ ते १.४ सेकंद हवेत. कॅचरचा थ्रो दुसऱ्या बेसवर पोहोचायला चांगल्या कॅचरला २ सेकंद लागतात, आपल्याकडच्यांना २.२. बेरीज साडेतीनच्या वर गेली की बऱ्यापैकी पळणारा मुलगा दुसरा बेस चोरणारच, म्हणजे फटक्याशिवाय पळून गाठणारच. क्लोजर हा बहुतेक वेळा गळ्याशी आलेलं असतानाच येतो, म्हणून त्याचा सगळा सराव सेट पोझिशनमधूनच घ्यावा, विंडअप शिकवूच नये. जागतिक महासंघाच्या नियमांत बरोबरी झाली तर दहाव्या इनिंगपासून पहिल्या आणि दुसऱ्या बेसवर माणसं ठेवूनच डाव सुरू होतो. आपल्या स्पर्धेत टायब्रेक असा असेल तर स्ट्राइकआउट (तीन स्ट्राइकवर बॅटर बाद) काढणारा हात राखून ठेवण्याला अर्थ येतो. जमिनीवर चेंडू काढणारा पिचर तिथे आपल्या क्षेत्ररक्षणावर अवलंबून राहतो, आणि ऊन-पावसाने उखडलेल्या मैदानावर इनफिल्डमध्ये चेंडू कुठे उसळेल ते देवालाच ठाऊक.

हे सगळं दोन-तीन आठवड्यांत तपासता येतं. सरावात चार-पाच इनिंगचा लुटुपुटीचा सामना लावायचा. एकाने वहीत प्रत्येक पिचपुढे प्रकार, स्ट्राइक की बॉल, आणि बॅटर पहिल्यांदा, दुसऱ्यांदा की तिसऱ्यांदा आला आहे हे लिहायचं. इनिंगमध्ये पाच-सहा मिनिटांची विश्रांती खरोखर घ्यायची. सलग ६० पिच टाकून घेणं म्हणजे सामना नव्हे. त्याच मुलाला दुसऱ्या आठवड्यात अचानक उठवायचं, १५ पिचमध्ये तयार व्हायला लावायचं, पहिल्या नि तिसऱ्या बेसवर माणूस ठेवून तीन बाद काढायला सांगायचं, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. वही तुमच्यासमोर उत्तर ठेवते. दुसऱ्या दिवशी खांदा उचलताना तोंड वाकडं करणारा क्लोजर होत नाही, मग कितीही जोरात टाकू दे.

आपल्याकडे पिचर येतात कुठून, याचाही विचार हवा. भालाफेकीतून आलेल्या मुलाचा हात जबर असतो, पण प्रकार एकच. २००८ साली भारतात पिचर शोधण्यासाठी झालेल्या ‘मिलियन डॉलर आर्म’ स्पर्धेतून निवडलेले रिंकू सिंग आणि दिनेश पटेल हे उत्तर प्रदेशचे दोघेही भालाफेकपटूच होते. पिट्सबर्ग पायरेट्स या अमेरिकन व्यावसायिक संघाने त्यांना करारबद्ध केलं. अशा मुलाला पहिल्या वर्षी शेवटची एक-एक इनिंग द्यावी आणि सरावात चेंजअप शिकवत राहावं. क्रिकेटच्या जलद गोलंदाजाला धावत येण्याची सवय असते, उभ्या जागेवरून जोर काढताना तो नुसत्या खांद्याने टाकतो. त्याला कंबर आणि मागचा पाय वापरायला शिकवायला सहा महिने लागतात. तोवर लांब डाव देऊ नयेत. सॉफ्टबॉलचा पिचर मात्र खालून टाकत असला तरी बॅटरला वाचतो, वेग बदलतो, आणि बेसवर माणूस असताना गडबडत नाही. पुरुष सॉफ्टबॉलमध्ये अंतर ४६ फूट, बेसबॉलमध्ये ६० फूट ६ इंच. वरून टाकायला जमलं की स्टार्टर बहुधा यांतूनच निघतो. अनुभव म्हणून सांगत नाही, कारण साधं आहे: त्याला चेंडू कुठे टाकायचा ते आधीच कळतं.

एवढं झाल्यावर खरी अडचण येते ती स्पर्धेच्या रचनेची. अमेरिकेतल्या महाविद्यालयांत शुक्रवार, शनिवार, रविवार अशी तीन सामन्यांची मालिका असते, सर्वोत्तम पिचर शुक्रवारी उतरतो आणि पुढच्या शुक्रवारपर्यंत विश्रांती घेतो. आपल्याकडे बाद फेरीची स्पर्धा, सलग तीन-चार दिवस सामने, कधी एका दिवसात दोन, आणि संघात पिचर म्हणावेत असे तीन किंवा चार. म्हणून तिकडचं उत्तर जसंच्या तसं इथे लावता येत नाही. इथे पिचचं अंदाजपत्रक करावं लागतं.

अमेरिकेतल्या मेजर लीग बेसबॉल (व्यावसायिक लीग) आणि यूएसए बेसबॉल (राष्ट्रीय संघटना) यांचा ‘पिच स्मार्ट’ तक्ता त्यासाठी हाताशी ठेवावा. १९ ते २२ वयाला: ३० पिचपर्यंत विश्रांतीचा दिवस नाही, ३१ ते ४५ ला एक दिवस, ४६ ते ६० ला दोन, ६१ ते ८० ला तीन, ८१ ते १०५ ला चार, त्यावर पाच, एका दिवसात १२० च्या पुढे नाही. पहिल्या वर्षाला आलेली मुलं १७-१८ ची असतात, त्यांची कमाल मर्यादा १०५.

सात इनिंगचे चार सामने चार दिवसांत आहेत असं धरू. इनिंगला १५-१६ पिच, म्हणजे सामन्याला साधारण ११० आणि स्पर्धेला ४४०. पहिल्याच दिवशी दुबळ्या संघाविरुद्ध आपला हुकमी पिचर ८५ पिच टाकून बसला तर तो चार दिवस गेला, म्हणजे स्पर्धेतूनच गेला. आपले बहुतेक संघ इथेच फसतात. त्याऐवजी पहिल्या दिवशी तिसऱ्या क्रमांकाचा पिचर ६० पर्यंत, उरलेल्या इनिंग बाकीच्यांत वाटून. दुसऱ्या दिवशी दुसऱ्या क्रमांकाचा ७५ पर्यंत, शेवटी क्लोजर २५-३०. तिसऱ्या दिवशी उपान्त्य सामना: इथे हुकमी स्टार्टर, पूर्ण ताकदीने, १०० पर्यंत, आणि क्लोजरला जमलं तर सुट्टी. चौथ्या दिवशी अंतिम सामना: पहिल्या दिवशी ६० टाकलेल्याला मधे दोन दिवस मिळालेले आहेत, तो सुरू करतो; पाचव्या इनिंगपासून क्लोजर, लागलं तर दोन-तीन इनिंग सलग, कारण दुसऱ्या दिवशी सामना नाही.

हुकमी पिचर फायनलला का नाही, असा प्रश्न लगेच येतो. उपान्त्य सामना हरलात तर फायनल कुठून खेळणार? पहिल्या दोन फेऱ्यांतले संघ तुल्यबळ नसतात, बऱ्याचदा मोठ्या फरकामुळे सामना पूर्ण होण्याआधीच थांबवावा लागतो. अशा सामन्यात क्लोजरची गरजच पडत नाही. म्हणजे एक नंबरचा हात क्लोजर म्हणून राखला तर तो निम्मी स्पर्धा बाकावर बसून बघतो. उलट पहिल्याच फेरीत दादा संघ समोर आला तर हे अंदाजपत्रक उलटं करायचं. सोडत निघाल्याच्या रात्री बसून हे ठरवावं, नाणेफेकीनंतर नव्हे.

इथेच एक पोटनियम. क्लोजर म्हणजे ‘शेवटची’ इनिंग टाकणारा, हे डोक्यातून काढून टाकायला हवं. तीन धावांची आघाडी, बेस मोकळे आणि शेवटची इनिंग, हे सामन्यातलं तुलनेने सोपं काम. सेव्ह नावाचा आकडा १९६९ पासून अधिकृत झाला आणि त्यात तीन धावांची आघाडी राखून एक इनिंग टाकली तरी सेव्ह मिळतो, म्हणून मोठमोठे संघही क्लोजरला तिथे अडकवून ठेवतात. आपल्या स्पर्धेत सेव्हसाठी कोणी बक्षीस देत नाही. पाचव्या इनिंगला एका धावेची आघाडी, पहिल्या नि तिसऱ्या बेसवर माणसं, एकच बाद, आणि समोर तिसऱ्या-चौथ्या क्रमांकाचा बॅटर असेल, तर सामना त्याच घडीला बंद करायचा आहे. तेव्हाच उठवा. शेवटची इनिंग तळाच्या बॅटरसमोर चौथा पिचरही काढील.

परदेशातली नावं दोन्ही बाजूंनी फेकली जातात, म्हणून तीही बघू. मारियानो रिव्हेरा १९९५ मध्ये न्यूयॉर्कच्या यांकीज संघासाठी १० सामन्यांत स्टार्टर होता आणि मार खात होता. पुढे एका कटरवर (शेवटी किंचित वळणारा वेगवान चेंडू) ६५२ सेव्ह घेऊन २०१९ मध्ये हॉल ऑफ फेमला (बेसबॉलमधल्या थोर खेळाडूंच्या सन्मानयादीला) एकमताने निवडला गेलेला पहिला खेळाडू ठरला. एक प्रकार, तोही जगावेगळा, असलेला हात कुठे शोभतो याचं याहून चांगलं उदाहरण नाही. डेनिस एकर्सलीने १९७७ मध्ये स्टार्टर म्हणून नो-हिटर (समोरच्या संघाला एकही हिट न देता सामना) टाकला, १९८७ मध्ये ओकलंडला जाऊन क्लोजर झाला आणि १९९२ मध्ये साय यंग (सर्वोत्तम पिचर) व एमव्हीपी (सर्वांत मोलाचा खेळाडू) हे दोन्ही पुरस्कार पटकावले. जॉन स्मोल्ट्झ कोपराच्या शस्त्रक्रियेनंतर क्लोजर झाला, २००५ मध्ये परत स्टार्टर. खात्यात २१३ विजय आणि १५४ सेव्ह. आणि महाविद्यालयातलंच हवं तर पॉल स्कीन्स: एअर फोर्स अकादमीत पहिल्या वर्षी क्लोजर, २०२३ मध्ये लुइझियाना स्टेटचा स्टार्टर, एका हंगामात २०९ स्ट्राइकआउट, त्याच वर्षी ड्राफ्टमध्ये (व्यावसायिक संघांच्या खेळाडू निवडीत) पहिला. म्हणजे पहिल्या वर्षी दिलेली जागा ही जन्माची गाठ नव्हे. २१ मार्च २०२३ ला वर्ल्ड बेसबॉल क्लासिकच्या फायनलला जपानने आठवी इनिंग दार्विशला आणि नववी ओहतानीला दिली, दोघेही मुळात स्टार्टर. ओहतानीने अमेरिकेच्या ट्राउटला बाद करून ३-२ ने करंडक नेला. ती चित्रफीत दाखवून ‘बघा, सर्वोत्तम पिचर शेवटी’ असं सांगणारे पुष्कळ. पण तो स्पर्धेचा शेवटचा दिवस होता, आणि त्याच ओहतानीने उपान्त्यपूर्व सामना सुरू करून दिला होता.

आता प्रत्यक्षात काय बिघडतं ते. सर्वांत मोठी गळती बुलपेनमध्ये होते. क्लोजरला चौथ्या इनिंगला गरम केला, बसवला; सहाव्याला गरम केला, बसवला; सातव्याला उतरवला. प्रत्येक वेळी २० पिच धरले तर ६० पिच वहीत कुठेच नाहीत आणि माउंडवर पहिला पिच टाकताना हात अर्धा रिकामा. दुसऱ्यांदा गरम केला की तिसऱ्यांदा बसवायचा नाही, त्याला उतरवायचाच, असा दंडक ठेवावा. दुसरी गळती आपल्या छोट्या संघांची खास. बळकट हाताचा मुलगा शॉर्टस्टॉपला (दुसऱ्या-तिसऱ्या बेसमधल्या जागेवर) किंवा कॅचर म्हणून खेळतो आणि शेवटी त्यालाच पिचर करतात. कॅचरने तर सामनाभर शंभरावर फेकी परत केलेल्या असतात. त्याच दिवशी कॅचर आणि पिचर ही दोन्ही कामं एका मुलाला देऊच नयेत. क्लोजरला मैदानात उभं करायचंच असेल तर पहिल्या बेसवर ठेवा, तिथे फेकी सर्वांत कमी. आणि आपली बॅटिंग चालू असताना त्याची पाळी लांब असेल तेव्हा दहा-बारा पिच टाकून घ्या.

वर जी फट म्हटली नाही ती इथे सांगतो: पिचरला सामन्यातून न काढता दुसऱ्या जागी क्षेत्ररक्षणाला पाठवलं तर अधिकृत नियमांनुसार त्याला परत पिचिंगला आणता येतं. त्यामुळे स्टार्टरला लेफ्ट फील्डला उभा करून शेवटी परत बोलावण्याची युक्ती काही जण करतात. कागदावर हुशारीची. चाळीस मिनिटं गारठलेला, ७० पिच झालेला हात पुन्हा पूर्ण जोरात लावणं हे कोपराच्या आतल्या बाजूच्या अस्थिबंधाला आमंत्रण आहे. त्याच अस्थिबंधाची फ्रँक जोब यांनी १९७४ मध्ये टॉमी जॉनवर पहिली शस्त्रक्रिया केली. आजही त्यातून सामन्यात परतायला वर्ष-दीड वर्ष जातं. आपल्या मुलांकडे पदवीची तीन-चार वर्षं असतात, त्यातलं दीड वर्ष एका सामन्यासाठी घालवायचं का, ते प्रशिक्षकाने ठरवावं. कोपराच्या आतल्या बाजूला दुखणं, करंगळी आणि अनामिकेला मुंग्या येणं, ही दोन लक्षणं दिसली की त्या दिवशीचा खेळ बंद. मिरज हाकेच्या अंतरावर आहे, तिथे अस्थिरोगतज्ज्ञांची वाण नाही; बाम चोळून पुन्हा उतरवू नका. याच आठवड्यात तोच मुलगा महाविद्यालयाकडून भाला फेकतो आहे का, क्रिकेटचे सामने खेळतो आहे का, हेही विचारावं. खांद्याला खेळ कळत नाही, फेकी कळतात.

माउंडबद्दल दोनच वाक्यं लिहायची होती, पण ती वाढतील. आपल्याकडे सराव सपाट जमिनीवर आणि मोठ्या स्पर्धेत १० इंच उंच माउंडवर, त्यामुळे चांगल्या स्टार्टरचेही पहिल्या दोन इनिंगचे चेंडू छातीच्या वर जातात आणि आपण म्हणतो, याच्यात सुरुवातीचं धाडस नाही, याला क्लोजर करा. निष्कर्ष चुकीच्या मापावरून काढलेला असतो. १८ फूट व्यासाचं वर्तुळ, २४ बाय ६ इंचांचं रबर, रबरच्या ६ इंच पुढून दर फुटाला १ इंच उतार. नुसती काळी माती घातलीत तर पावसात ती चिकटते आणि उन्हाळ्यात भेगाळते. खाली मुरूम, वर पोयट्याची चिकण माती, आणि पाय जिथे पडतो तिथे कृष्णाकाठच्या कुठल्याही भट्टीवर मिळणाऱ्या न भाजलेल्या कच्च्या विटा दाबून बसवाव्यात, म्हणजे चौथ्या इनिंगपर्यंत खड्डा पडत नाही. खड्ड्यात पाय पडला की स्टार्टरचा चेंडू उंच जातो. शेवटी येणाऱ्याला तर तो खड्डा आयताच मिळतो.

भूमिका ठरली की ती मुलाला आणि कॅचरलाही स्पर्धेच्या किमान दहा दिवस आधी सांगावी, आणि एका खराब सामन्यावरून बदलू नये. स्टार्टरचा आठवडा वेगळा असतो, क्लोजरचा वेगळा. मंगळवारी लांब बुलपेन टाकणाऱ्याला गुरुवारी ‘उद्या तू शेवटी’ म्हटलं की दोन्ही कामं हुकतात. मानापमानाचा मुद्दाही येतो. सीनियर मुलगा म्हणून सुरुवात त्यालाच, ही प्रथा बऱ्याच महाविद्यालयांत आहे. वही उघडून त्याच्यासमोर ठेवली तर बहुतेक जण मान्य करतात. न ठेवता सांगितलं तर पालक येतात.

आता विनंती. वृत्तान्तात आपण पिचरचं नाव आणि स्ट्राइकआउट छापता. त्यापुढे कंसात त्याने टाकलेल्या पिचची संख्या आणि आधीच्या सामन्यातली संख्या छापावी. ‘८८, आदल्या दिवशी ४२’ असं छापून आलं की हुकमी पिचर शेवटी का नव्हता, किंवा तो आज उतरायलाच नको होता, हे वाचकाला वार्ताहराच्या शेऱ्याशिवायच दिसेल. आकडे गुणलेखकाच्या टेबलावर असतात. सामना संपल्यावर मागितले तर मिळतात, आणि मिळत नसतील तर तीही बातमीच आहे.

कळावे,
आपले,
बेसबॉल-सॉफ्टबॉलचे काही प्रशिक्षक व गुणलेखक,
सांगली